कौल, मुदत आणि वीजवाहन : एका पुस्तकाची प्रस्तावना

अंबाजोगाईचे माझे एक जुने स्नेही, ज्यांची चाळीस वर्षे व्यापाऱ्यांची आणि नोकरदारांची आयकर विवरणपत्रे भरण्यात गेली, त्यांनी निवृत्तीनंतर वीजवाहनांना मिळणाऱ्या करसवलती आणि त्या सवलती आखडून घेणारे कायदे व प्रस्ताव यांचा साद्यंत विचार करणारे एक छोटेखानी पुस्तक सिद्ध केले, आणि त्याच्या प्रस्तावनेचे काम अर्थशास्त्राच्या एखाद्या प्राध्यापकाकडे न सोपवता, तहसिलीच्या दप्तरखान्यात आयुष्य काढलेल्या माझ्याकडे आणून दिले. मी नको म्हटले तेव्हा ते म्हणाले, "मोटारींबद्दल सांगणारे पुष्कळ आहेत. सूट, तहकुबी आणि माफी या तीन शब्दांतला फरक ज्याला कळतो, असा माणूस मला हवा आहे." या उत्तरापुढे मला बोलता आले नाही. महसुलाच्या भाषेत तहकुबी म्हणजे वसुली पुढे ढकलणे, सूट म्हणजे त्या सालापुरता धारा, म्हणजे शेतसारा, सोडून देणे, आणि माफी म्हणजे सरकारने आपला हक्कच सोडणे. दुष्काळी मुलुखात नोकरी केलेल्या कारकुनाला हा भेद तोंडपाठ असावा लागतो, कारण गावात दवंडी कशाची पिटायची हे त्यावर ठरते. आज वीजवाहनांच्या कराविषयी जो वाद मुंबईपासून वॉशिंग्टनपर्यंत चालला आहे, त्यातला बराचसा घोटाळा या तिन्ही गोष्टी एकच समजल्यामुळे झाला आहे, असे हे पुस्तक वाचल्यावर माझे मत झाले.

विषय आपल्या दाराशी कसा आला ते आधी सांगतो. १० मार्च २०२५ रोजी तत्कालीन अर्थमंत्री अजित पवार यांनी विधिमंडळात राज्याचा अर्थसंकल्प मांडला, आणि त्यात तीस लाख रुपयांहून अधिक किमतीच्या वीजवाहनांवर सहा टक्के मोटार वाहन कर बसवण्याचा प्रस्ताव होता. तोवर या वाहनांना तो कर पूर्णपणे सोडलेला होता. त्याच वर्षाच्या आरंभी ते बीड जिल्ह्याचे पालकमंत्री झालेले असल्यामुळे, आमच्या जिल्ह्यात या प्रस्तावाची चर्चा एरवी झाली असती त्याहून अधिक झाली. तीस लाखांच्या पेट्रोल मोटारीवर महाराष्ट्रात खाजगी मालकाला तेरा टक्के, म्हणजे तीन लाख नव्वद हजार रुपये एकरकमी कर भरावा लागतो. तेवढ्याच किमतीच्या वीजमोटारीला शून्य होता, तो प्रस्तावाप्रमाणे एक लाख ऐंशी हजारांच्या घरात गेला असता. म्हणजे कर बसल्यावरही वीजमोटारीला अर्ध्याहून अधिक सवलत उरतच होती. तथापि विधान परिषदेत या प्रस्तावावर आक्षेप घेतला गेला, आणि मार्च महिना संपण्यापूर्वीच मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी हा कर मागे घेत असल्याचे सांगितले. त्यातून मोठे उत्पन्न मिळणार नाही आणि वीजवाहनांविषयीच्या राज्याच्या धोरणाबद्दल चुकीचा संदेश जाईल, अशी त्यांची भूमिका होती. जेमतेम दोन-तीन आठवड्यांत प्रस्ताव आला आणि गेला. २९ एप्रिलला मंत्रिमंडळाने नवे वीजवाहन धोरण मंजूर केले, मे महिन्यात त्याचा शासन निर्णय निघाला, आणि ३१ मार्च २०३० पर्यंतची मुदत त्यात लिहिली गेली.

या दोन-तीन आठवड्यांचा परिणाम कोणावर झाला, याचे उत्तर मुंबईच्या मोटार विक्रेत्यांकडे शोधण्याची रीत आहे. मला ते बीडच्या बसस्थानकाबाहेर मिळाले. तेथे विजेवर चालणारी तीनचाकी रिक्षा लावणारा एक तरुण आहे. शिरूर कासार तालुक्यातल्या कुटुंबातला, आईबापांबरोबर आणि पुढे बायकोबरोबर त्याने बारा हंगाम ऊसतोडीचा कोयता धरला, आणि मुकादमाची आगाऊ उचल फिटल्यावर पुन्हा उचल घ्यायची नाही असे ठरवून कर्जाने ही रिक्षा घेतली. पेठ बीडमधल्या त्याच्या भाड्याच्या खोलीत मी गेलो होतो. दाराशेजारच्या बोर्डातून निघालेली जाड वायर खिडकीच्या गजातून बाहेर काढलेली, पावसाचे पाणी जोडावर पडू नये म्हणून त्यावर पोत्याचा तुकडा बांधलेला, आणि रिक्षा भिंतीला इतकी लगटून उभी की आत जाताना अंग चोरावे लागे. संध्याकाळी विजेचा दाब कमी असतो म्हणून रात्री अकरानंतर तो चार्जिंगला लावतो, आणि पहाटे पाचला उठून पडद्यावरचा आकडा पाहतो; त्या आकड्याला जालना रोड किती फेऱ्या आणि बार्शी नाका किती फेऱ्या हा हिशेब त्याच्या बायकोलाही पाठ आहे. त्याने मला विचारले, "काका, ही माफी कुठवर राहील?" मार्चमधली सहा टक्क्यांची बातमी त्याने फोनवर ऐकली होती. ती तीस लाखांच्या मोटारींसाठी होती हे त्याला कोणी सांगितले नव्हते, आणि सांगितले असते तरी त्याचा विश्वास बसला असता की नाही याची मला शंका आहे, कारण आज वरच्यांना लागले ते उद्या आपल्याला लागणार हा त्याचा अनुभव होता. त्याने रिक्षा घेणे दीड-दोन महिने लांबवले आणि तेवढ्या काळापुरता पुन्हा मजुरीचा रोज धरला. ज्या कराशी त्याचा काडीचा संबंध नव्हता, त्या कराच्या केवळ वार्तेने त्याचे दोन महिने गेले.

प्रस्तुत पुस्तकाचा गाभा मला याच ठिकाणी दिसतो, म्हणून मी जुन्या दप्तरातल्या एका शब्दाकडे वाचकांना नेऊ इच्छितो. तो शब्द म्हणजे इस्तावा. मलिक अंबराने निजामशाहीच्या उत्तरकाळात जमाबंदीची जी घडी बसवली, आणि पुढे शिवकाळात उजाड पडलेल्या मुलुखाची लागवड करवण्यासाठी जे उपाय योजले गेले, त्यांच्या संदर्भात हा शब्द येतो. पड, खडकाळ किंवा रानाने भरलेली जमीन कुळाने नांगराखाली आणावी म्हणून त्याला कौल दिला जाई : पहिल्या साली धारा नाममात्र, दुसऱ्या साली थोडा अधिक, तिसऱ्या साली आणखी, असा पायरीपायरीने चढत जाऊन ठरलेल्या सालानंतर पूर्ण धारा. हा चढता आकार म्हणजे इस्तावा. दप्तरखान्यात असताना असा एक मोडी कागद माझ्या हाती आला होता, वाळवीने कडा खाल्लेला, फसली सन वर लिहिलेला, आणि खाली वर्षावार आकड्यांची उतरंड. शेवटच्या आकड्याखाली आडवी रेघ होती. त्या रेघेने मला विलक्षण आकर्षित केले, कारण सरकार सवलत देत आहे आणि ती केव्हा संपणार हेही पहिल्याच दिवशी त्याच कागदावर सांगत आहे, असा तिचा अर्थ होता. कुळाला पहिल्या सालचा हलका आकडा जितका उपयोगी, तितकाच शेवटचा जड आकडाही उपयोगी, कारण बैल केव्हा घ्यायचे, विहीर केव्हा खणायची आणि मुलीचे लग्न कोणत्या साली करायचे हे त्या उतरंडीकडे पाहून ठरवता येई. कौल हा शब्द आता आपल्याकडे देवाच्या दारी आणि निवडणुकीच्या दिवशी तेवढा उरला आहे. त्याचा मूळ अर्थ राज्याने रयतेला दिलेले लेखी वचन हा होता, आणि कौल मोडणे हा राज्यकर्त्याच्या पदरी पडणारा मोठा दोष समजला जाई.

वीजवाहन हेही आज पड जमीनच आहे. पेट्रोलची मोटार शंभर वर्षे नांगरलेल्या रानातून चालते. तिच्यासाठी पंप, मेकॅनिक, सुटे भाग, विमा, जुन्या गाडीचा बाजार, सगळे तयार आहे. वीजवाहन घेणारा माणूस बॅटरीच्या वाढीव किमतीबरोबर या सगळ्या अभावाचाही भार उचलतो, आणि त्याच्यामागून येणाऱ्यांची वाट त्यामुळे सोपी होते. म्हणून त्याला सवलत द्यावी हे न्याय्य आहे. परंतु ती सवलत माफी नव्हे, इस्तावा आहे. जसजसे रान पिकाऊ होईल तसतसा धारा चढला पाहिजे, आणि तो कसा चढणार हे आरंभी लिहिले पाहिजे. सवलत मर्यादित करणारा प्रत्येक प्रस्ताव वीजवाहनांच्या द्वेषातून येतो असे मानणारे, आणि प्रत्येक सवलत श्रीमंतांची चैन आहे असे मानणारे, दोघेही माझ्या मते कागदाचा अर्धाच भाग वाचतात.

केंद्र सरकारच्या उदाहरणातून हे अधिक स्पष्ट होईल. वीजवाहनांना अनुदान देणाऱ्या फेम योजनेचा दुसरा टप्पा १ एप्रिल २०१९ पासून सुरू झाला. या योजनेत दुचाकी घेणाऱ्याला बॅटरीच्या क्षमतेप्रमाणे अनुदान मिळे. जून २०२१ मध्ये ते दर किलोवॉट-तासामागे, म्हणजे आपल्या वीजबिलातल्या एका युनिटाइतक्या क्षमतेमागे, दहा हजारांवरून पंधरा हजार रुपये झाले, आणि वाहनाच्या किमतीच्या चाळीस टक्क्यांपर्यंत त्याची मर्यादा नेली गेली. तीन किलोवॉट-तासांच्या स्कूटरला पंचेचाळीस हजार रुपये! त्यानंतर १९ मे २०२३ रोजी अधिसूचना निघाली आणि १ जूनपासून दर पुन्हा दहा हजारांवर, तर मर्यादा चाळीस टक्क्यांवरून एकदम पंधरा टक्क्यांवर आली. कारखान्याच्या दारातली किंमत एक लाख वीस हजार धरली तर त्याच स्कूटरचे अनुदान अठरा हजारांवर उतरले. बारा दिवसांच्या सूचनेने सत्तावीस हजारांचा फरक पडला, आणि तो पडला लग्नसराई संपून पेरणीच्या तोंडावर, जेव्हा आमच्याकडे कोणाच्याही हातात पैसा नसतो. अनुदान कमी करण्याला कारणे नव्हती असे नाही. सुटे भाग देशातच बनवण्याची अट काही कंपन्यांनी पाळली नसल्याचे आढळून त्यांच्याकडून रकमा परत मागण्याची वेळ सरकारवर आली होती, आणि ठरवलेला निधीही झपाट्याने संपत होता. पण कंपनीचा दंड गिऱ्हाइकाने का भरावा, या लेखकाच्या प्रश्नाला उत्तर नाही.

त्याच सरकारने पुढच्या वर्षी केलेली गोष्ट मात्र मला मनःपूर्वक प्रशंसनीय वाटते. १ ऑक्टोबर २०२४ पासून दहा हजार नऊशे कोटींची जी पीएम ई-ड्राइव्ह योजना आली, तिच्यात दुचाकीचे अनुदान पहिल्या आर्थिक वर्षासाठी दर किलोवॉट-तासाला पाच हजार, वाहनामागे जास्तीत जास्त दहा हजार, आणि पुढच्या वर्षासाठी अडीच हजार, जास्तीत जास्त पाच हजार, असे आरंभीच लिहिलेले होते. रक्कम पूर्वीपेक्षा कितीतरी कमी होती, तरीही विक्रेत्याला, बँकेला आणि घेणाऱ्याला पायरी कोठे आहे ते ठाऊक होते. ही योजना लिहिणाऱ्या अधिकाऱ्याने इस्तावा हा शब्द ऐकलेला असो वा नसो, त्याने लिहिले ते तेच.

आता करसवलत या शब्दाच्या पोटातच दडलेल्या एका अन्यायाकडे वळतो. पुस्तकाच्या तिसऱ्या प्रकरणात लेखकाने तो आपल्या व्यवसायातल्या अनुभवाच्या आधारे इतक्या स्वच्छपणे उलगडला आहे की ते प्रकरण कोणत्याही पाठ्यपुस्तकात शोभावे. ५ जुलै २०१९ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात निर्मला सीतारामन यांनी वीजवाहनासाठी घेतलेल्या कर्जाच्या व्याजावर दर साल दीड लाखापर्यंत वजावट जाहीर केली. आयकर कायद्यात ती कलम ८०ईईबी म्हणून दाखल झाली. कर्ज १ एप्रिल २०१९ ते ३१ मार्च २०२३ या काळात मंजूर झालेले असावे अशी अट होती, आणि ती मुदत पुढे वाढवली गेली नाही. मुदत प्रथमपासून लिहिलेली होती, म्हणून कौलभंगाचा दोष येथे नाही. दोष दुसरा आहे. वीस लाखांची मोटार कर्जाने घेणारा माणूस पहिल्या वर्षी पावणेदोन लाखांच्या आसपास व्याज भरतो, तो तीस टक्क्यांच्या वर्गात असतो, आणि दीड लाखाच्या वजावटीने त्याचे उपकर धरून सेहेचाळीस हजार आठशे रुपये वाचतात. एक लाखाची स्कूटर कर्जाने घेणारा पाच टक्क्यांच्या वर्गातला शिक्षणसेवक किंवा कारकून वर्षाला बारा हजार व्याज भरील, तरी त्या वर्गाला करात पूर्ण सूट असल्यामुळे त्याचे काहीही वाचणार नाही. आणि ज्याचे उत्पन्न करपात्रच नाही, त्याचेही काही वाचणार नाही. रिक्षावाला, भाजीवाली, दूध घालणारा, हंगामावरून परतलेला मजूर, २०११ च्या जनगणनेत ज्याची लोकसंख्या पंचवीस लाख पंच्याऐंशी हजार भरली त्या आमच्या जिल्ह्यातले बहुसंख्य लोक, या कलमाच्या लेखी अस्तित्वातच नव्हते. ज्याच्यावर कर नाही त्याला करातून सवलत देता येत नाही, हे तर्कशुद्ध आहे; मग त्याला करातून सवलत देण्याची योजनाच का आखावी, हा त्यापुढचा प्रश्न आहे. फेमच्या दुसऱ्या टप्प्यात खाजगी चारचाकीला अनुदान नव्हते, दुचाकीला आणि प्रवासी तीनचाकीला होते, ही गोष्ट म्हणूनच मला अधिक शहाणपणाची वाटते. जी सवलत दुकानातच किमतीतून वजा होते, ती गरिबापर्यंत पोहोचते. जी वर्षअखेरीस विवरणपत्रातून मिळते, ती पोहोचत नाही. वस्तू व सेवा कर १ ऑगस्ट २०१९ पासून बारा टक्क्यांवरून पाच टक्क्यांवर आला, तोही याच पहिल्या प्रकारातला.

अमेरिकेने हाच धडा घेतला होता, आणि नंतर तो पुसून टाकला. तेथे वीजमोटार घेणाऱ्याला साडेसात हजार डॉलरपर्यंत आयकरातून थेट घट मिळे. २०२२ च्या ऑगस्टमध्ये झालेल्या कायद्याने तीवर खरेदीदाराच्या उत्पन्नाची, मोटारीच्या किमतीची, आणि बॅटरीतली खनिजे व भाग कोठून आले याची बंधने घातली. पण त्याच कायद्याने १ जानेवारी २०२४ पासून ही घट विक्रेत्याच्या नावे करून दुकानातच किमतीतून वळती करून घेण्याची मुभा दिली, आणि सवलतीची मुदत २०३२ च्या अखेरपर्यंत लिहून दिली. बंधने आली तरी कौल शाबूत होता, किंबहुना बंधनांमुळे तो अधिक न्याय्य झाला होता. ४ जुलै २०२५ रोजी राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी स्वाक्षरी केलेल्या कायद्याने ही सवलत ३० सप्टेंबर २०२५ नंतर संपवली. सात वर्षे आधी! ज्या कारखानदारांनी २०३२ चा आकडा पाहून बॅटरीचे कारखाने उभारायला घेतले होते, त्यांची अवस्था कौल मोडलेल्या कुळासारखीच झाली. जर्मनीत याहून विचित्र घडले : न्यायालयाच्या निर्णयामुळे सरकारच्या हवामान निधीत खड्डा पडला, आणि १६ डिसेंबर २०२३ च्या शनिवारी सरकारने जाहीर केले की अनुदानाचे अर्ज उद्या रविवारपर्यंतच घेतले जातील. पुढच्या वर्षी त्या देशातली वीजमोटारींची नोंदणी सत्तावीस टक्क्यांनी घटली. उलट नॉर्वेने मूल्यवर्धित कराची सवलत २०२३ पासून पाच लाख क्रोनरपर्यंतच्या किमतीपुरती ठेवली आणि त्यावरच्या भागाला कर लावला. २०२४ मध्ये तेथे विकल्या गेलेल्या नव्या मोटारींपैकी जवळजवळ नव्वद टक्के विजेवरच्या होत्या. महाग मोटारीवर कर बसवल्याने वीजवाहनांची चळवळ बुडते असे म्हणणाऱ्यांनी नॉर्वेकडे पाहावे, आणि कशीही सवलत काढली तरी काही बिघडत नाही असे म्हणणाऱ्यांनी जर्मनीकडे.

म्हणून मार्च २०२५ च्या आपल्या सहा टक्क्यांविषयी माझे मत लेखकाहून वेगळे आहे, आणि ते येथे नमूद करणे मला कर्तव्य वाटते. लेखकाच्या मते प्रस्ताव मागे घेतला हे योग्यच झाले. मला तसे वाटत नाही. तीस लाखांवरच्या मोटारीवर पेट्रोल मोटारीच्या निम्म्याहून कमी दराने कर बसवणे ही गैरवाजवी गोष्ट नव्हती. अयोग्य होती ती तिची मांडणी : कोणत्याही पूर्वसूचनेविना, नव्या धोरणाचा कागद अजून तयार व्हायचा असताना, आणि जुन्या धोरणाची मुदत ३१ मार्च २०२५ रोजी संपत असल्याच्या ऐन संधिकाळात. तोच दर नव्या धोरणात इस्ताव्याच्या उतरंडीसारखा लिहिला असता, पहिली दोन वर्षे शून्य, मग दोन, मग चार, मग सहा, तर तो कोणालाही टोचला नसता, आणि त्यातून येणारा पैसा, थोडा का होईना, तीनचाकीच्या कर्जावरचे व्याज हलके करायला वळवता आला असता. प्रस्ताव मागे घेतल्याने वचन पाळले गेले, हे मला मान्य आहे. पण त्याबरोबर न्यायाचा जो अंश त्यात होता तोही मागे गेला.

लेखकाचा दुसरा मुद्दा असा की हवा सर्वांची असल्यामुळे ही सवलत कायमची असावी. बीड जिल्ह्यात राहून हे म्हणणे मला जमत नाही. आमच्या परळीला औष्णिक वीजकेंद्र आहे. त्याची राख दाऊतपूर-दादाहारीच्या बाजूला शेतांवर, पत्र्यांवर आणि वाळत घातलेल्या कपड्यांवर कशी बसते, हे त्या वाटेने गेलेल्या माणसाला सांगावे लागत नाही. पुण्याच्या रस्त्यावर धुराविना धावणाऱ्या मोटारीतली काही वीज अशा राखेतून आलेली असते. २०१५ च्या दुष्काळात खडका बंधाऱ्यात पाणी उरले नाही तेव्हा हे केंद्र बंद ठेवावे लागले होते. विजेलाही पाणी लागते हे आम्ही तेव्हा डोळ्यांनी पाहिले. पाटोदा-आष्टीकडच्या माळांवर पवनचक्क्या फिरताना दिसतात, सौर पट्ट्या शेतांत उभ्या राहत आहेत, आणि हे प्रमाण वाढेल तसतशी वीजवाहनांची स्वच्छता खरी होत जाईल. पण ती खरी होईपर्यंत ज्या गावांच्या अंगावर राख पडते त्या गावांचा हिस्सा सवलतीच्या हिशेबात कोठे आहे, हा प्रश्न पुस्तकात यायला हवा होता. दुसऱ्या आवृत्तीत लेखकांनी त्यावर एक प्रकरण लिहावे, अशी माझी त्यांना विनंती आहे.

सवलत कोणत्या रस्त्यावर मिळते हेही पाहण्यासारखे आहे. नव्या धोरणाने मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, अटल सेतू आणि समृद्धी महामार्ग यांवर विजेच्या चारचाकींना व बसना पथकर पूर्ण माफ केला. या तिन्हींपैकी एकही रस्ता बीड जिल्ह्यातून जात नाही. आमच्या गावावरून जातो तो धुळे-सोलापूर राष्ट्रीय महामार्ग या यादीत नाही. मी ही तक्रार म्हणून लिहीत नाही. पण दसऱ्यानंतर ज्या जिल्ह्यातून ऊसतोड मजुरांच्या टोळ्याच्या टोळ्या ट्रकांत आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांत बसून पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघतात, त्या जिल्ह्याला कोणती सवलत उपयोगी पडेल याचा विचार करणाऱ्याला मोटारीहून बस अधिक जवळची वाटली पाहिजे. १ जून १९४८ रोजी राज्य परिवहनाची पहिली गाडी अहमदनगर-पुणे मार्गावर धावली, आणि बरोबर चौऱ्याहत्तर वर्षांनी, १ जून २०२२ रोजी, त्याच मार्गावर महामंडळाची शिवाई ही विजेवरची बस सुरू झाली.  एका वीजबसमध्ये चाळीसेक माणसे बसतात, आणि त्यांतल्या एकालाही सवलतीसाठी विवरणपत्र भरावे लागत नाही. सार्वजनिक वाहनाला दिलेला रुपया जितक्या माणसांपर्यंत पोहोचतो, तितक्यांपर्यंत खाजगी मोटारीला दिलेला रुपया कधीच पोहोचणार नाही, आणि सवलती मर्यादित करायच्याच असतील तर कात्री कोठून चालवावी याचे उत्तर मला येथे सापडते.

या पुस्तकाची भाषा सोपी आहे, आकडे तपासून घेतलेले आहेत, आणि चाळीस वर्षे दुसऱ्यांच्या उत्पन्नाचे हिशेब पाहिलेल्या माणसाची सचोटी त्याच्या पानापानांतून जाणवते. ज्यांना वेळ थोडा आहे त्यांनी तिसरे प्रकरण आधी वाचावे. विधानसभेत आणि विधान परिषदेत बसणाऱ्या आमच्या जिल्ह्याच्या प्रतिनिधींनी मात्र पुस्तक सगळे वाचावे, आणि यापुढे वीजवाहनांच्या कराचा कोणताही प्रस्ताव सभागृहात आला की त्याच्या बाजूने किंवा विरुद्ध बोलण्यापूर्वी मंत्र्यांना एवढेच विचारावे, की याची वर्षावार उतरंड कोठे लिहिली आहे आणि शेवटच्या आकड्याखालची रेघ कोणत्या साली येते.

बीडच्या त्या रिक्षावाल्या तरुणाला मी परत भेटलो तेव्हा धोरणातली तारीख एका कागदावर लिहून दिली. त्याने तो कागद रिक्षात काचेच्या वर, विम्याच्या कागदाशेजारी लावला आहे. त्याच्या कर्जाचा शेवटचा हप्ता मे २०२८ मध्ये फिटतो. कागदावर ३१ मार्च २०३० लिहिलेले आहे.